नावाची पट्टी कोणाला? नवख्यांसाठी माहितीपटाचं चार बैठकांचं शिबिर

माहितीपट संपतो, दिवे लागतात, कोणीतरी विचारतं, "कसा वाटला?" आणि पुढचा तासभर चर्चा दुष्काळावर, सरकारवर नाहीतर जातीवर होते. फिल्म बाजूलाच राहते. महाविद्यालय असो, वाचनालय असो की फिल्म सोसायटी, हे ठरलेलं आहे. माहितीपट म्हणजे त्याचा विषय, ही सवय शाळेपासून लागलेली असते. खाली दिलेलं शिबिर ती सवय मोडण्यासाठी बेतलेलं आहे. बैठका चार, प्रत्येकी अडीच तासांची, आठवड्याला एक. तिसऱ्या आणि चौथ्या बैठकीत मात्र दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. माणसं १२ ते १६ घ्या. वीसच्या पुढे गेलात की मागच्या रांगेतली तोंड उघडत नाहीत आणि चित्रीकरणाच्या सरावात निम्मी नुसती उभी राहतात.

आधी दोन शब्द वेगळे करून घ्या. इंग्रजीत ज्या गोष्टीला 'रिप्रेझेंटेशन' हा एकच शब्द आहे तिला मराठीत दोन आहेत: चित्रण आणि प्रतिनिधित्व. पडद्यावर माणूस कसा दिसला, हे चित्रण. त्याच्या वतीने कोण बोललं आणि तो अधिकार कुठून आला, हे प्रतिनिधित्व. एखाद्या फिल्ममध्ये माणसं देखणी, सन्मानाने दाखवलेली असतात आणि तरी त्यांच्या वतीने भलतंच कोणीतरी बोलत असतं. उलटही होतं. पहिल्या दिवशी फळ्यावर या नावांचे दोन रकाने पाडा आणि चारही बैठकांत प्रत्येक आक्षेप, प्रत्येक कौतुक यांपैकी कुठल्या रकान्यात जातं ते गटालाच ठरवू द्या. मराठीची ही सोय फुकट मिळालेली आहे, ती वापरा.

खोली आणि सामान

प्रोजेक्टर साधा चालतो, पण खोली खरोखर काळोखी हवी. खिडक्यांना वर्तमानपत्राचे दोन थर लावले तरी भागतं. आवाजाकडे जास्त लक्ष द्या. प्रोजेक्टरच्या आतल्या स्पीकरवर मुलाखतीतला बोलीभाषेतला संवाद कळत नाही, म्हणून वेगळे स्पीकर आणा आणि ते पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर ठेवा. खुर्च्या इंग्रजी यू आकारात मांडा. रांगा लावल्या की वर्ग भरल्यासारखं वाटतं.

फिल्म नेटवरून थेट चालवू नका. ऐन मुलाखतीत जाहिरात येते किंवा चित्र गोठतं. हक्कधारकाकडून रीतसर फाइल मागवा, पेनड्राइव्हवर घ्या आणि व्हीएलसीसारख्या प्लेअरवर लावा, म्हणजे थांबवून एकेक फ्रेम पुढे नेता येते. सबटायटल इंग्रजीत असतील तर गटातले निम्मे लोक वाचण्यातच गुंततात आणि चित्र त्यांच्या हातून निसटतं. निवडलेल्या दहा मिनिटांपुरती मराठी सबटायटल स्वतः करा. ती फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवली नाही तर देवनागरीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. जोडाक्षरं तुटत नाहीत ना, हे आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर बघा.

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायद्यात शिक्षणसंस्थेला सवलत आहे: प्रेक्षक त्या संस्थेचे शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक एवढेच असतील तर संस्थेच्या कामाचा भाग म्हणून फिल्म दाखवता येते. गावच्या सभागृहात सर्वांना बोलावलंत की ही सवलत संपते. तिथे हक्कधारकाची परवानगी लागते, आणि जाहीर प्रदर्शन म्हटलं की १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्राचा प्रश्नही येतो. याच प्रमाणपत्रावरून २००४च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी माहितीपटकारांनी विरोध उभा केला आणि 'विकल्प' नावाने समांतर महोत्सव भरवला. परवानगी मागायला मात्र लाजू नका. लहान गटासाठी पत्र लिहिलं तर बरेच माहितीपटकार आनंदाने हो म्हणतात.

पहिली बैठक: फिल्म दाखवू नका

पहिल्या दिवशी काहीच न दाखवणं अवघड जातं, पण तेच करा. जोड्या पाडा. प्रत्येकाने समोरच्याची मोबाइलवर दोन मिनिटांची मुलाखत घ्यायची. प्रश्न एकच: "तुमच्या घरातलं कोणतं काम तुम्हाला अजिबात आवडत नाही आणि ते कोण करतं?" मग जोडीदाराला न विचारता दोन मिनिटांची तीस सेकंदं करायची. मोबाइलवरच्या कुठल्याही साध्या ॲपवर हे चाळीस मिनिटांत होतं.

सगळे तुकडे एकापाठोपाठ मोठ्या पडद्यावर लावा. ज्याची मुलाखत कापली गेली त्याने आधी बोलायचं, कापणाऱ्याने नंतर. इथे जे घडतं ते कुठल्याही व्याख्यानाने घडत नाही. "मी असं म्हटलंच नव्हतं", "म्हटलं होतं, पण त्याच्या आधी हसलो होतो, ते कापलं", "आई एकटीच काम करते असं वाटतंय, मी भांडी घासतो ते गेलं." कापणाऱ्याचा हेतू वाईट नसतोच, त्याला तीस सेकंदांत गोष्ट बसवायची असते. गोष्ट बसवताना सर्वांत आधी कात्री लागते ती 'पण'ने सुरू होणाऱ्या वाक्यांना. हे फळ्यावर लिहून ठेवा, पुढे तीनदा उपयोगी पडेल.

काय बिघडतं: काही जण गंमत म्हणून जोडीदाराचं हसं करतात. म्हणून हे तुकडे बैठक संपताना सर्वांसमोर पुसायचे, असं सुरुवातीलाच सांगा आणि खरंच पुसा. मोबाइलमधल्या 'नुकतंच डिलीट केलेलं' या फोल्डरमधूनही.

दुसरी बैठक: मोजणी

आता फिल्म. सुरुवातीला रॉबर्ट फ्लाहर्टीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) घ्यावा. कॅनडात हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरच्या इनुइट लोकांवर केलेली ही मूक फिल्म आहे. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट साठ वर्षांचा असल्याने ती मोकळी झालेली आहे. पूर्ण लावू नका. व्यापारी ठाण्यावरचा ग्रामोफोन, वॉलरसची शिकार आणि इग्लू बांधणं, एवढे तीन प्रसंग अर्ध्या तासाच्या आत बसतात. इग्लूच्या प्रसंगात बर्फाची पारदर्शक लादी खिडकी म्हणून बसवतात तेव्हा खोलीतली सगळी माणसं पुढे झुकतात. झुकू द्या. त्या क्षणी माहिती सांगून मजा घालवू नका.

पाहून झाल्यावर पहिली दहा मिनिटं एकच नियम: प्रत्येक वाक्य "मला दिसलं" असंच सुरू करायचं. "ते लोक भोळे आहेत" चालणार नाही. "तो तबकडी तोंडात घालून चावतो आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो" चालेल. हा नियम ढिला सोडलात तर बैठक हातातून गेली.

मग एकेक गोष्ट उघड करा. मुख्य माणसाचं नाव नानूक नव्हतं, अलाकारिआलाक होतं. पडद्यावरची त्याची बायको प्रत्यक्षात त्याची बायको नव्हती. इनुइट शिकारी तेव्हा बंदुका वापरत होते, पण फ्लाहर्टीला भाल्याची जुनी शिकार हवी होती. ग्रामोफोनचा अचंबा रचलेला होता. इग्लूच्या आतला प्रसंग अर्ध्या, एका बाजूने उघड्या इग्लूत घेतला, कारण खऱ्यात कॅमेरा आणि पुरेसा उजेड मावत नव्हता. आणि फिल्मला पैसा दिला होता फरचा व्यापार करणाऱ्या रेव्हियों फ्रेर या कंपनीने, म्हणजे व्यापारी ठाण्याच्या प्रसंगाकडे पुन्हा बघायला हरकत नाही.

या टप्प्यावर गट हमखास एका टोकाला जातो: "म्हणजे सगळं खोटंच." लगेच दुसरी बाजू टाका. फ्लाहर्टीने तिथेच फिल्म धुण्याची सोय नेली होती आणि चित्रित केलेले तुकडे तो त्या लोकांना दाखवत असे. इनुइट लोकांनी कॅमेऱ्यामागचं कामही केलं, शिकारीची आखणी त्यांच्यासोबत झाली. मग अर्धं इग्लू आणि काढून घेतलेली बंदूक ही एकाच वजनाची गोष्ट आहे का? बहुतेक गट स्वतःच म्हणतात की इग्लू ही उजेडाची अडचण, तर बंदूक काढल्याने माणसांचा काळच बदलला. ती 'आजची' माणसं राहिली नाहीत. नवख्यांनी शिकायची बारीक नजर हीच. रचना प्रत्येक माहितीपटात असते. ती कोणाच्या अंगावर येते, एवढं विचारायचं. कॅनडातल्याच इग्लूलिक गावातल्या इनुइट लोकांनी पुढे स्वतःचे कॅमेरे हाती घेतले. झकारायस कुनुक आणि सहकाऱ्यांची 'इसुमा' ही निर्मितीसंस्था १९९०ची. प्रतिनिधित्वाच्या रकान्यात ते नाव लिहा.

त्यानंतर मोजणी. भारतीय फिल्म घ्या, केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची 'आय ॲम २०' (१९६७, दिग्दर्शक एस. एन. एस. शास्त्री) फार छान चालते. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली आणि विशीत आलेली तरुण मंडळी त्यात बोलतात, लांबी सुमारे वीस मिनिटं. त्यातली तीनच मिनिटं निवडा आणि प्रत्येकाला कागदावर रकाने आखायला सांगा: शॉट क्रमांक, सेकंद, कोण दिसतं, कोणाचा आवाज येतो, कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या वर, खाली की समोर, माणूस काही काम करतोय की नुसता बसलाय. एकदा आवाजासह, एकदा आवाज बंद करून, मग थांबवत थांबवत. तीन मिनिटांना पाऊण तास लागतो. कंटाळा येतो, येऊ द्या.

मोजणीला आणखी एक रकाना जोडा आणि घरचा अभ्यास म्हणून तो टीव्हीवरच्या कुठल्याही वार्तापटावर चालवायला सांगा: बोलणाऱ्याखाली उमटणारी नावाची पट्टी. अधिकाऱ्याला नाव, आडनाव आणि हुद्दा मिळतो. डॉक्टरांना नाव आणि पदवी. त्याच वार्तापटातल्या बाईला 'पीडित महिला' मिळतं, म्हाताऱ्याला 'ग्रामस्थ', ऊसतोड मजुराला बरेचदा तेही नाही. मुलं पुढच्या वेळी मोजणी घेऊन येतात तेव्हा कोणालाही काही समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी बैठक: आवाज कोणाचा, मराठी कोणती

एक मिनिटाचं साधं चित्रीकरण आधी तयार ठेवा: एसटी स्थानक, आठवडी बाजार, मासळी बाजार, काहीही. त्यावर तीन गटांनी तीन निवेदनं लिहायची. पहिलं जुन्या सरकारी वार्तापटाच्या थाटात. दुसरं पर्यटनाच्या जाहिरातीचं. तिसरं बाजारात बसणाऱ्या विक्रेतीच्या तोंडचं, आणि ते लिहिण्यापूर्वी खऱ्या विक्रेतीशी निदान पंधरा मिनिटं बोलणं सक्तीचं. मिनिटाला ऐंशीच्या आसपास शब्द पुरेत. जास्त लिहिलंत तर चित्राला श्वास घ्यायला जागा उरत नाही. मग तिन्ही त्याच चित्रांवर वाचायची.

लिहिलेल्यात हे शब्द शोधायला लावा: 'भोळेभाबडे', 'बिचारे', 'आदिवासी बांधव', 'विकासापासून कोसो दूर', 'तरीही चेहऱ्यावर हसू'. यातला शेवटचा सर्वांत चिवट. तो काढायचा ठरवला की निवेदन लिहिणाऱ्याला त्या माणसाबद्दल नवीन काहीतरी शोधावं लागतं, आणि बऱ्याचदा लक्षात येतं की शोधलेलं काहीच नाही.

आता बोलीचा प्रश्न, आणि याला निदान चाळीस मिनिटं द्या, कारण मराठी माहितीपटांत याइतका ठळक आणि तरी नजरेआड राहणारा मुद्दा दुसरा नाही. निवेदक प्रमाण मराठीत बोलतो. माणसं वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोलीत बोलतात. त्यांच्याखाली मराठीच सबटायटल येतात. कोणाच्या मराठीला सबटायटल लागतं आणि कोणाच्या नाही? ते कोणी ठरवलं? दुसरं, सबटायटलमध्ये बोली 'सुधारली' जाते. बाई म्हणते "मले काय मालूम" आणि खाली उमटतं "मला याची कल्पना नाही." पहिल्यात चीड आहे, दुसरं कार्यालयीन पत्र आहे. सराव असा: कोणाच्याही आजीचा एक मिनिटाचा बोलीतला आवाज घ्या. एका गटाने प्रमाण मराठीत सबटायटल करायची, दुसऱ्याने बोलीतच, फक्त अवघड शब्दांचा अर्थ देऊन. एका सबटायटलला दोन ओळी, ओळीला जास्तीत जास्त ३५ ते ४० अक्षरं, आणि पडद्यावर निदान दीड सेकंद. दोन्ही लावून पाहिल्यावर आजी कोणत्या फिल्ममध्ये हुशार वाटते, हा प्रश्न विचारा.

उरलेल्या तासात भारतीय माहितीपटांतल्या तीन जागांवर बोलता येतं. आनंद पटवर्धन यांच्या 'बॉम्बे : अवर सिटी' (१९८५) मध्ये झोपड्या पाडल्या गेलेल्यांपैकी एक बाई थेट दिग्दर्शकालाच फैलावर घेते: गरिबांचे फोटो काढून तुमचं नाव होणार, आमचं काय? तिचा राग फिल्ममध्ये ठेवलेला आहे. तो ठेवणं प्रामाणिकपणाचं की दिग्दर्शकाच्या सोयीचं, यावर गट हमखास दुभंगतो, आणि दुभंगलेलाच राहू द्यावा. निष्ठा जैन यांच्या 'लक्ष्मी अँड मी' (२००७) मध्ये दिग्दर्शिका मुंबईत आपल्याच घरी काम करणाऱ्या बाईंवर फिल्म करते, म्हणजे मालकीण आणि कॅमेरा एकाच हातात. "फक्त त्या समाजातल्यानेच फिल्म करावी" असा झटपट नियम कोणी मांडला की या फिल्मचा आधार घ्या: बाहेरचं असणं लपवता येत नसेल तर ते फिल्मच्या आत कसं आणायचं? तिसरी जागा 'रायटिंग विथ फायर' (२०२१). 'खबर लहरिया' या ग्रामीण वृत्तसंस्थेच्या महिला पत्रकारांवरची ही फिल्म ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली, आणि मार्च २०२२ मध्ये खुद्द 'खबर लहरिया'ने निवेदन काढलं की फिल्म प्रभावी आहे, पण एकाच राजकीय पक्षाभोवती आमचं वार्तांकन फिरतं असं जे चित्र उभं राहतं ते बरोबर नाही. इथे दोन्ही रकाने एकदम लागतात. चित्रण धीट, कौतुकाचं. पण ज्यांचं चित्रण झालं त्यांना त्यात आपलं काम पुरतं सापडलं नाही. पहिल्या बैठकीतल्या कापलेल्या 'पण'ची आठवण इथे करून द्या.

काय बिघडतं: दाखवलेल्या समाजातली एखादी व्यक्ती गटात असते आणि सगळे तिच्याकडे वळतात, "तुम्हीच सांगा, तुमच्यात असं असतं का?" तिला प्रवक्ती करू नका. "मला दिसलं" हा नियम पुन्हा लावला की प्रश्न आपोआप पडद्याकडे जातो.

मधले दोन आठवडे: तीन मिनिटांची फिल्म

चौघांचा गट. विषय घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरचा. अट अशी की ज्याचं चित्रण करायचं तो माणूस तुम्हाला सहज "नको" म्हणू शकला पाहिजे: दुकानदार, सोसायटीचा सचिव, मामा, शिंपी. नवखे धावतात रस्त्यावरच्या म्हाताऱ्याकडे, कारण तो नकार देत नाही. आषाढात हे फार दिसतं. वारीत शेकडो कॅमेरे त्याच सुरकुत्या आणि त्याच भेगाळलेल्या टाचा टिपत असतात, आणि त्या टाचांच्या मालकाचं नाव कोणाकडेच नसतं.

मोबाइल आडवा धरा, विमान मोडवर ठेवा, १०८० रिझोल्यूशन, शक्य असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने इतर बऱ्याच आकड्यांवर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. कॉलरचा माइक हवाच. तो नसेल तर दुसरा मोबाइल बोलणाऱ्याच्या खिशात रेकॉर्डिंग चालू ठेवून ठेवा आणि सुरुवातीला टाळी वाजवा, जुळवायला सोपं जातं. पंखा बंद करा. प्रत्येक शॉट दहा सेकंद न हलवता धरा. जागेची शांतता तीस सेकंद वेगळी रेकॉर्ड करा, नाहीतर कापलेल्या जागी आवाज खड्ड्यात पडल्यासारखा वाटतो. एकूण चित्रीकरण अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ देऊ नका. दोन तासांचं फुटेज घेऊन आलेला गट फिल्म पूर्ण करत नाही.

संमती तीनदा घ्या: चित्रीकरणापूर्वी, ते संपल्यावर आणि कापलेली फिल्म दाखवून. पहिल्या वेळी काय सांगायचं ते नेमकं आहे: फिल्म कोण बघणार, किती दिवस ठेवणार, नको वाटलं तर कोणाला फोन करायचा. "वर्गात दाखवू" आणि "यूट्यूबवर टाकू" या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, आणि व्हॉट्सॲप ही तिसरी. कागदावर सही मागितली की बरेच जण घाबरतात, सात-बारावर काही होईल की काय असं वाटतं; कॅमेऱ्यासमोर बोलून दिलेली संमती त्यांना सोपी जाते. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर पालकांना विचारा आणि मुलालाही विचारा. लैंगिक अत्याचाराशी संबंधित मुलाची ओळख उघड करणं पॉक्सो कायद्याच्या कलम २३ खाली गुन्हा आहे, आणि चेहरा धूसर केल्याने ओळख लपत नाही. आवाज, गणवेशावरचा बिल्ला, दारातल्या मोटारसायकलचा नंबर सगळं सांगून टाकतात. नवख्यांनी असा विषय घेऊच नये.

चौथी बैठक: ज्यांची फिल्म, ते पहिल्या रांगेत

बैठकीपूर्वी प्रत्येक गटाने फिल्म त्या माणसाला त्याच्या घरी किंवा दुकानात, मोबाइलवर नव्हे, निदान लॅपटॉपवर दाखवायची. "आवडली का?" विचारू नका. उत्तर "छान झालंय" हेच येणार. यजमानांनी केलेल्या चहालाही आपण तेच म्हणतो. विचारायचे प्रश्न असे: यातलं शेजाऱ्यांनी बघू नये असं काय आहे? तुमचं कोणतं वाक्य अर्धं राहिलं? नावाच्या पट्टीवर काय लिहू? शेवटच्या प्रश्नाची उत्तरं मजेशीर येतात. शिंपी म्हणतो 'टेलर मास्टर' लिहा, मावशी माहेरचं आडनाव सांगतात, सचिवांना 'माजी मुख्याध्यापक' हवं असतं.

मग बदल करा. किती बदलायचं यावर गटात भांडण होतं, विशेषतः माणसाने चांगला, खरा, पण अडचणीचा भाग काढायला सांगितला तर. नवख्यांच्या शिबिरात तो काढावा. तुम्ही अजून पत्रकारिता करत नाही आहात, आणि त्या माणसाला उद्याही त्याच गल्लीत राहायचं आहे. सत्तेच्या जागी बसलेल्यांवर फिल्म करताना हिशेब वेगळा असतो, पण तो पुढच्या शिबिराचा विषय.

बैठकीत फिल्म लावताना पाहुण्यांना पहिल्या रांगेत बसवा आणि फिल्म संपल्यावर माइक आधी त्यांच्या हातात द्या. फळ्यावरचे दोन रकाने तसेच असू द्या. त्यांत भर कोणी घालायची ते आता पाहुणे ठरवतील. वेळ पाळायची असेल तर एका फिल्ममागे पंचवीस मिनिटं धरा आणि चहा मधेच ठेवा. शेवटी ठेवलात तर ज्यांचं दुकान उघडायचं असतं ते तोवर उठून गेलेले असतात.